झरमॅटमध्ये आधी तो तुटका दोर बघा, मग डोंगर

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकचं एक कुटुंब सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात स्वित्झर्लंडला निघालंय. नवरा-बायको, पंधरा वर्षांचा मुलगा आणि अडुसष्ट वर्षांच्या आजी. मॅटरहॉर्न शिखराच्या पायथ्याशी असलेल्या झरमॅट गावासाठी त्यांनी एक दिवस राखून ठेवलाय, तोही इंटरलाकनहून जाऊन-येऊन. वर जायची तिकिटं महाग आहेत, तेव्हा गावातल्या मॅटरहॉर्न संग्रहालयात वेळ घालवावा का? बीपीची गोळी चालू असलेल्या आजींना किती उंचीवर न्यावं? आणि सह्याद्रीत बरेच गड केलेल्या मुलाला मॅटरहॉर्नच्या किती जवळ जाता येईल?

गेली अठरा वर्षं मी आल्प्समध्ये मराठी मंडळींचे छोटे गट घेऊन जाते. झरमॅटला किती वेळा गेले, त्याची मोजदाद सोडून दिली आहे. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

सर्वात आधी तो एक दिवस बदला. इंटरलाकनहून झरमॅटला पोचायला सव्वादोन तास लागतात. सकाळी आवरून निघालात तरी पोचेपर्यंत अकरा वाजतात, आणि उन्हाळ्यात त्याच सुमाराला मॅटरहॉर्न ढग गोळा करायला लागतो. हा डोंगर शेजारच्या शिखरांपासून सुटा, एकटा उभा आहे. वारा त्याला वळसा घालून जातो आणि आडोशाच्या बाजूला शिखराला चिकटून ढगाचा झेंडा तयार होतो. बाकी आकाश निळंशार असतं, नेमका तोच दिसत नाही. हजारो मैलांवरून आलेली माणसं दुपारी दोन वाजता पुलावर उभी राहून ढगाचे फोटो काढताना मी पाहिली आहेत. त्यांचे चेहरे बघवत नाहीत. दोन रात्री मुक्काम करा, म्हणजे दोन पहाटा मिळतात. डोंगर दिसायचा तो पहाटेच. वाटल्यास इंटरलाकनची एक रात्र कमी करा, पण झरमॅटला दोन द्याच.

रस्त्याबद्दल थोडंसं. इंटरलाकनहून श्पीट्स, मग व्हिस्प, आणि व्हिस्पला छोट्या लाल गाडीत बसायचं. ही मीटर गेज लाइन १८९१ पासून झरमॅटपर्यंत जाते. चढ जास्त असेल तिथे रुळांच्या मधल्या दातेरी पट्टीत गाडीचं चाक अडकतं आणि गाडी चढ घेते. वाटेत रांडा गावापाशी डोंगराचा एक आख्खा खांदा निखळून पडलेला दिसेल. १९९१ च्या एप्रिल-मे महिन्यांत तो दोन टप्प्यांत कोसळला आणि रेल्वे, रस्ता दोन्ही गाडले गेले. मुलाला ते दाखवा. पुढे टेश लागतं. मोटारी तिथेच सोडाव्या लागतात, कारण झरमॅटमध्ये पेट्रोल-डिझेलच्या खासगी गाड्यांना बंदी आहे. गावात चौकोनी डब्यासारख्या छोट्या बॅटरीच्या टॅक्सी धावतात. त्यांचा आवाज येत नाही, म्हणून रस्ता ओलांडताना आजींचा हात धरा.

गावाची उंची सोळाशे मीटरच्या जरा वर आहे. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे महाराष्ट्राच्या सगळ्यात उंच टोकावर जेवढी उंची असते, तेवढ्यावर इथे स्टेशन, बेकरी आणि शाळा आहे, आणि डोंगर तिथून पुढे सुरू होतो. मॅटरहॉर्न ४४७८ मीटर. हा हिशोब एकदा डोक्यात बसला की पुढच्या सगळ्या सूचना आपोआप पटतात.

आता संग्रहालय. पैसे आणि वेळ घालवावेत का, या प्रश्नाला माझं उत्तर असं: पोचल्याच्या दुपारी, बॅगा हॉटेलवर टाकून, दुसरं काहीही करण्याआधी तिथे जा. तिकीट दहा-पंधरा फ्रँकच्या घरात असतं, आणि स्विस ट्रॅव्हल पास असेल तर तेही लागत नाही. दीड तास ठेवा. चर्चसमोरच्या चौकात काचेचा एक घुमट जमिनीतून वर आलेला दिसेल. तेच संग्रहालय. २००६ पासून ते या जागी आहे. पायऱ्या उतरून खाली गेलात की जमिनीखाली जुनं झरमॅट उभं केलेलं आहे: वाटाड्याचं घर, धान्याचं कोठार, हॉटेलचा दिवाणखाना, चर्च. उत्खननात एखादं गाव सापडावं तशी मांडणी आहे. आजींना घरं आवडतील. चूल, अंथरूण-पांघरूण, दूध-लोण्याची भांडी बघून आमच्या गटातल्या सगळ्या आज्या तिथेच रमतात. डोंगरातल्या गरिबीचा संसार कुठेही गेलं तरी ओळखीचा वाटतो. हॉटेलं येण्याआधी हे गाव गरीब होतं. थोडी राई, थोडी गुरं आणि लांबलचक हिवाळा, एवढंच होतं इथे.

पण मी तुम्हाला तिथे पाठवतेय ते एका काचेच्या पेटीसाठी. त्या पेटीत दोराचा एक तुकडा आहे.

दोर बारीक आहे. आपण गॅलरीत कपडे वाळत घालायला बांधतो, त्या दोरीची आठवण यावी इतका. टोकाला धागे विस्कटलेले आहेत. पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझी नजर त्यावरून सरकून पुढे गेली होती, कारण एवढ्या प्रसिद्ध दोराची मी जाड, भक्कम अशी काही कल्पना केली होती. मग खालची पाटी वाचली आणि परत मागे आले. दार्जिलिंगला गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स करताना आमच्या प्रशिक्षकांनी पहिले दोन दिवस आम्हाला फक्त रोप हाताळायला लावला होता. गुंडाळा, तपासा, बोटं फिरवून बघा, कुठे मऊ लागतोय का, कुठे फुगलाय का. ती सवय माझ्या हातात होती. काचेच्या अलीकडे उभी असतानाही बोटं आपसूक हलली.

गोष्ट अशी आहे. १८६५ साली आल्प्समधली बहुतेक मोठी शिखरं सर झाली होती, मॅटरहॉर्न राहिला होता. एडवर्ड व्हिंपर नावाचा पंचविशीतला इंग्रज, पेशाने लाकडावर चित्रं कोरणारा, १८६१ पासून त्याच्या मागे लागला होता. त्याचे बहुतेक प्रयत्न इटलीच्या बाजूने झाले आणि सगळे फसले. त्या बाजूचा सगळ्यात कसलेला वाटाड्या ज्याँ-आंत्वान कारेल. त्याला आपल्या गावासाठी, आपल्या देशासाठी हे शिखर हवं होतं. जुलैमध्ये कारेल दुसऱ्या मंडळींना घेऊन वर निघाला, हे कळल्यावर व्हिंपर घाईने खिंड ओलांडून झरमॅटला आला आणि मिळेल त्या माणसांची मोट बांधली. शामोनीचा उत्तम वाटाड्या मिशेल क्रो, झरमॅटचे पीटर टाउगवाल्डर बाप-लेक, पाद्री चार्ल्स हडसन, अठरा वर्षांचा लॉर्ड फ्रान्सिस डग्लस आणि हडसनबरोबर आलेला एकोणीस वर्षांचा डग्लस हॅडो. हॅडोला अनुभव फारच थोडा होता.

१४ जुलैला दुपारी पावणेदोनच्या सुमाराला हे सात जण माथ्यावर पोचले. कारेलची माणसं इटलीच्या धारेवर खाली दिसत होती. त्यांचं लक्ष वेधायला व्हिंपर आणि क्रो यांनी वरून दगड लोटले. खालची माणसं परत फिरली. तासभर माथ्यावर काढून सगळे उतरायला लागले.

उतरतानाचा क्रम लक्षात ठेवा. सगळ्यात खाली क्रो, मग हॅडो, मग हडसन, मग लॉर्ड डग्लस, त्याच्या वर थोरला टाउगवाल्डर, आणि शेवटी व्हिंपर आणि धाकटा टाउगवाल्डर. सगळे एकाच साखळीत. सह्याद्रीत जरा अवघड रॉक पॅच उतरलेल्या कुणालाही पुढचं चित्र डोळ्यासमोर आणता येईल. हॅडोला पाय कुठे ठेवायचे ते सुधरत नव्हतं. क्रोने आपली कुऱ्हाड बाजूला ठेवली आणि दोन्ही हातांनी त्या पोराचे पाय एकेक करून खोबणीत बसवत होता. मग तो स्वतः एक पाऊल उतरायला वळला. त्याच क्षणी हॅडो घसरला आणि क्रोच्या पाठीवर आदळला. दोघं गेले, दोराने हडसनला ओढलं, हडसनने डग्लसला. वरच्या तिघांनी कड्याला घट्ट धरलं. दोर ताणला गेला आणि डग्लस आणि टाउगवाल्डर यांच्या मध्ये तुटला. चौघे उत्तर कड्यावरून सुमारे बाराशे मीटर खाली हिमनदीवर पडले.

काचेच्या पेटीतला तुकडा तो.

त्यांच्याकडे तीन प्रकारचे दोर होते. दोन बऱ्यापैकी भक्कम, आणि तिसरा जुना, हलका. हा तिसरा दोर माणसं बांधण्यासाठी आणलेलाच नव्हता, उतरताना खडकाला बांधून मागे सोडून देण्यासाठी होता. नेमका तोच डग्लस आणि टाउगवाल्डर यांच्या मध्ये बांधला गेला होता. चांगल्या दोराची भेंडोळी शिल्लक असताना हा का वापरला, यावर दीडशे वर्षं वाद चालू आहे. थोरल्या टाउगवाल्डरने स्वतःचा जीव वाचवायला दोर कापला, अशी कुजबुज तेव्हा झाली. सरकारी चौकशीत कुणालाही दोषी ठरवलं नाही. दोर कापलेला नव्हता, तुटला होता, हे व्हिंपरनेही लिहिलं. पण संशय आला की माणसाच्या अंगाला चिकटून राहतो, आणि त्या गरीब वाटाड्याच्या अंगाला तो आयुष्यभर चिकटला. मला त्याच्याबद्दल फार वाटतं. इंग्लंडात व्हिंपरची बाजू मांडायला वर्तमानपत्रं होती, टाउगवाल्डरकडे काय होतं?

रोपवर काम करणाऱ्या माणसाच्या नजरेने दोन गोष्टी सांगते. एक, तेव्हाचे दोर वनस्पतीच्या धाग्यांचे, ते फारसे ताणले जात नसत. आज आपण लीड क्लाइंबिंगला जो रोप वापरतो तो नायलॉनचा, आत गाभा आणि बाहेर विणलेलं आवरण असलेला. ही रचना १९५३ साली जर्मनीत आली. माणूस पडला की असा रोप लांबतो आणि झटका गिळतो. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. सात माणसं एकमेकांना बांधलेली होती, पण कड्याला बांधलेलं कुणीच नव्हतं. अशा वेळी एकाची चूक सगळ्यांना नेते. आज पुण्या-मुंबईचे क्लब पोरांना पहिल्या दिवशी अँकर (दोर कड्याला पक्का बांधणं) शिकवतात, बिले (चढणाऱ्याचा दोर सांभाळणं) शिकवतात. त्या शिकवणुकीतल्या बऱ्याचशा गोष्टी अशा अपघातांनी शिकवलेल्या आहेत. मुलगा गड करतो म्हणालात, त्याला ही पेटी दाखवताना घाई करू नका. पाच मिनिटं काही न बोलता उभं राहू द्या.

तीन दिवसांनी, १७ जुलैला, कारेल इटलीच्या बाजूने माथ्यावर पोचला. हे लोक विसरतात. त्या बाजूची धार जास्त अवघड आहे, त्यामुळे माझ्या मनात त्या डोंगराचा खरा मानकरी बऱ्याच अंशी कारेलच आहे. सहा वर्षांनी, १८७१ मध्ये, लुसी वॉकर ही पहिली बाई वर गेली. त्या काळच्या रीतीप्रमाणे लांब स्कर्टमध्ये. उत्तर कडा मात्र १९३१ पर्यंत कुणाला दाद देत नव्हता. म्युनिकचे फ्रान्झ आणि टोनी श्मिड हे भाऊ सायकलींवरून झरमॅटला आले आणि तो चढून गेले.

या सगळ्याचा आपल्याशी एक धागा आहे, तो इथे सांगायलाच हवा. १९५२ साली एव्हरेस्टवर गेलेल्या स्विस मोहिमेत रेमों लॅम्बर्टबरोबर तेनझिंग नोर्गे साधारण ८६०० मीटरपर्यंत पोचला होता. पुढच्या वर्षी त्याने शिखर गाठलं. मग पंडित नेहरूंच्या पुढाकाराने दार्जिलिंगला १९५४ मध्ये हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट उभी राहिली, आणि त्याआधी तेनझिंगला शिकवायची पद्धत शिकायला स्वित्झर्लंडला, रोझेनलाउईला, आर्नोल्ड ग्लाटहार्ड यांच्या शाळेत पाठवलं होतं. आम्हाला रोप गुंडाळायला लावणाऱ्या प्रशिक्षकांचे गुरू त्या परंपरेतले. म्हणून मराठी गिर्यारोहकाला हे संग्रहालय परकं वाटू नये. २०१९ मध्ये युनेस्कोने फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड यांच्या अर्जावरून आल्प्समधल्या गिर्यारोहणाला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. शिखरांची उंची त्या यादीत येत नाही. डोंगराची जाण, दोरावरच्या साथीदाराची जबाबदारी आणि वाट जपण्याची रीत, हा तो वारसा.

संग्रहालयातून बाहेर आलात की चर्चच्या बाजूने नदीकडे चाला. तिथे गिर्यारोहकांची दफनभूमी आहे. क्रो आणि हॅडो या गावातच पुरलेले आहेत. हडसनचे अवशेष जरा वरच्या इंग्रजी चर्चमध्ये आहेत. डग्लसचं शव कधीच सापडलं नाही. एका थडग्यावर खरी लाल आइस-अ‍ॅक्स लावलेली आहे. न्यूयॉर्कचा सतरा वर्षांचा मुलगा, १९७५ मध्ये गेलेला. दगडावर इंग्रजीत एवढंच कोरलंय की मी चढायचं ठरवलं. पंधरा वर्षांच्या मुलाच्या आईने ते वाचलं की ती मुलाचा खांदा धरते, हे मी दर वेळी बघते. मॅटरहॉर्नवर १८६५ पासून पाचशेहून जास्त माणसं दगावली आहेत. हे वाचून मगच पुलावर उभं राहून त्या त्रिकोणाकडे बघा. आता तो टोब्लेरोन चॉकलेटच्या वेष्टनावरचा डोंगर उरलेला नसतो. (खुद्द त्या वेष्टनावरूनही तो २०२३ मध्ये गेला, कारण काही उत्पादन स्लोव्हाकियात नेल्यावर स्विस प्रतीकं वापरायच्या नियमात ते बसेना.)

उजेड असेल तर तिथून पाच मिनिटांवर हिंटरडॉर्फ ही जुनी वस्ती गाठा. उन्हाने काळी पडलेली लार्चच्या लाकडाची कोठारं आहेत, खांबांवर उभी. प्रत्येक खांब आणि कोठार यांच्यामध्ये जात्याच्या तळीसारखी गोल दगडी चकती बसवलेली दिसेल. उंदीर खांब चढतो, पण त्या चकतीखाली आला की उलटं लटकून पुढे जाता येत नाही, त्यामुळे धान्य वाचतं. याच वस्तीत उलरिख इंडरबिनेन या वाटाड्याच्या नावाचं कारंजं आहे. १९०० साली जन्मलेला हा माणूस ३७० हून जास्त वेळा मॅटरहॉर्न चढला, शेवटचा नव्वदीला टेकलेला असताना, आणि १०३ वर्षं जगला. आजींना ही गोष्ट नक्की सांगा.

आता पहाट. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी चर्चजवळच्या पुलावर या. टोपी, हातमोजे घाला, सप्टेंबरातही बोटं बधिर होतात. आधी सगळा डोंगर राखाडी असतो. मग अगदी टोकावर नखाएवढा लाल ठिपका येतो आणि बघता बघता खाली उतरत येतो. दहा-पंधरा मिनिटांचा खेळ. एप्रिल २०२० मध्ये, कोरोनाने सगळं जग घरात बसलेलं असताना, याच कड्यावर रात्री प्रकाशझोतांनी भारताचा तिरंगा उमटवला होता. ते चित्र घरी बसून पाहिलं तेव्हा माझे डोळे भरून आले होते. अजूनही पुलावर उभी राहिले की आठवतं.

न्याहारी करून गॉर्नरग्राट. आजींसाठी हीच जागा, दुसरी नाही. १८९८ पासून विजेवर चालणारी दातेरी रुळांची गाडी तेहतीस मिनिटांत ३०८९ मीटरवर नेते. चढताना उजवीकडे बसा, मॅटरहॉर्न त्या बाजूला येतो. वर मोंटे रोझा, तिचं स्वित्झर्लंडमधलं सर्वोच्च टोक ड्युफोरश्पिट्झ (४६३४ मीटर), आणि पायाशी गॉर्नर हिमनदी. तिकीट हंगामाप्रमाणे बदलतं, शंभर फ्रँकच्या मागे-पुढे धरा, ट्रॅव्हल पासवर ५० टक्के सवलत मिळते.

दुसरा पर्याय केबल कारने ३८८३ मीटरवर जायचा. तिथे हवेतला प्राणवायू समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांशाइतका उरतो. काही वर्षांपूर्वी गटातल्या एका सत्तरीतल्या काकांच्या आग्रहापुढे मी नमले आणि पोचल्याच्याच दिवशी त्यांना तिथे नेलं. वीस मिनिटांत ओठ निळसर झाले, बोलणं अडखळायला लागलं. लगेच खाली आणलं, तासाभरात बरे झाले, पण तो निर्णय माझा होता आणि तो चुकला होता. तेव्हापासून साठीच्या पुढच्या कुणालाही मी तिथे नेत नाही. आजींना एक रात्र गावात झोपू द्या, सकाळची गोळी वेळेवर, निघण्याआधी नाशिकच्या डॉक्टरांना उंची सांगून विचारा, वर तासाभराहून जास्त थांबू नका. डोकं जड झालं, मळमळलं की पुढची गाडी पकडायची. परतताना तुमच्यापैकी दोघांनी वाटेतल्या रोटेनबोडेन स्टेशनला उतरून रिफेलसे या तळ्यापर्यंत चालावं, वारा नसेल तर मॅटरहॉर्न पाण्यात उलटा दिसतो. आजी आणि सोबत कुणीतरी गाडीनेच खाली जावं.

गॉर्नरग्राटच्या कठड्यावरून हिमनदीकडे नीट बघा. दोन्ही काठांना खडकावर फिकट पट्टे दिसतील, बर्फ एकेकाळी तिथवर होता. २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत स्विस हिमनद्यांचा जवळजवळ दहा टक्के बर्फ गेला. मागे सरकणारा बर्फ हरवलेली माणसंही परत देतो. १९७० मध्ये मॅटरहॉर्नवर बेपत्ता झालेल्या दोन जपानी गिर्यारोहकांचे अवशेष २०१४ मध्ये हिमनदीवर मिळाले, १९८६ चा एक जर्मन गिर्यारोहक २०२३ मध्ये मिळाला. मी पहिल्यांदा आले तेव्हाचे फोटो आणि आताचे फोटो शेजारी ठेवले की मला बोलवत नाही. मुलाला आताच दाखवताय, हे बरं करताय.

जेवणाबद्दल दोन वाक्यं. स्टेशनसमोरच सुपरमार्केट आहे, ब्रेड, दही, फळं, उकडलेले बटाटे सगळं मिळतं, आणि नळाचं पाणी उत्तम असतं. रॅक्लेट म्हणजे वितळलेलं चीज आणि उकडलेले बटाटे, पण पारंपरिक चीज बहुधा वासराच्या जठरातल्या, दूध फाडणाऱ्या रेनेटने बनतं. आजी कडक शाकाहारी असतील तर हे आधी सांगा. रोश्टी मागवताना ‘स्पेक’ नको म्हणा, म्हणजे डुकराचं मांस येणार नाही.

राहिला मुलगा. मॅटरहॉर्नचा माथा हा विषय आत्ता काढूच नका. तिथे एका वाटाड्यामागे एकच पाहुणा असा दंडक आहे, आणि आधी आल्प्समध्ये तयारी लागते. पण हॉर्नली हटपर्यंत, जिथून चढाई सुरू होते तिथपर्यंत, सह्याद्रीत तयार झालेला पोरगा वडिलांबरोबर तिसऱ्या दिवशी जाऊ शकतो. केबल कारने श्वार्झसे, २५८३ मीटर. तळ्याकाठी छोटं पांढरं चॅपल आहे. तिथून हट ३२६० मीटरवर. चढायला अडीच तास, उतरायला दोन. वाट चांगली आखलेली आहे, मध्ये लोखंडी जिने आणि काही ठिकाणी आधाराचे दोर आहेत. एका बाजूला दरी उघडी आहे, घसाराही भरपूर. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेने गेला असेल तर त्याला भीती वाटणार नाही. मात्र फरक उंचीचा आहे. पायांना जमेल, छातीला वेळ लागेल. तासाला तीनशे मीटरच्या वर चढू देऊ नका. आदल्या रात्री बर्फ पडला असेल तर बेत रद्द करा, सप्टेंबरात ते सहज होतं, आणि ओल्या बर्फाखालच्या लोखंडी पायरीवर आपल्या ट्रेकिंगच्या बुटांचा काही उपयोग होत नाही. पहिली केबल कार पकडा, शेवटची किती वाजता आहे ते तिकीट काढतानाच विचारून मनगटावर लिहून ठेवा.

हटच्या अंगणात गरम सूप घ्या. मग त्याला घेऊन हटच्या मागे चालत जा, चार-पाच मिनिटंही लागत नाहीत. पायवाट सरळ एका उभ्या खडकाला जाऊन भिडते आणि तिथे पहिला स्थिर दोर लटकतोय, चांगला जाड, वर कड्यात लोखंडाला पक्का बांधलेला. पहाटे चार-साडेचारला डोक्याला दिवे लावून वाटाडे आपापल्या पाहुण्याला घेऊन इथूनच सुरुवात करतात. तो दोर त्याला हातात धरून बघू द्या, एकदा ओढू द्या. दोन दिवसांपूर्वी काचेमागे पाहिलेल्या दोराबद्दल तो स्वतःहून काहीतरी विचारेल. त्याच्याशी बोला आणि तिथूनच परत फिरा, उतरायचे दोन तास हातात ठेवून.